नातवंडांना ‘नको’ म्हणता येऊ द्या

नऊ वर्षांचा एक मुलगा दोन महिन्यांत चार वेळा माझ्या दवाखान्यात पोटदुखीसाठी आला. आईवडील दोघेही नोकरीला, घरी परतायला संध्याकाळचे साडेसात. त्यामुळे प्रत्येक वेळी त्याला आजोबाच घेऊन येत. दुखते कुठे असे विचारले की तो बेंबीवर हात ठेवी. ताप नाही, उलटी नाही, वजन व्यवस्थित, पोट मऊ. पहिल्या खेपेस मी जंताचे औषध दिले, दुसऱ्या खेपेस बद्धकोष्ठासाठी आहार सांगितला, तिसऱ्या खेपेस लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करवून घेतली. सगळे अहवाल निर्दोष आले. चौथ्या खेपेस आजोबा काहीसे वैतागून म्हणाले, “डॉक्टर, याचं पोट फक्त सोमवारी आणि गुरुवारी दुखतं. बुद्धिबळाला जायची वेळ झाली की सुरू. आळस आहे, दुसरं काय!”

हे वाक्य ऐकताच मी सावध व्हायला हवे होते. मी मुलाला, तेही आजोबांच्या समोरच, “बुद्धिबळ आवडत नाही का रे?” एवढेच विचारले. त्याने आजोबांकडे पाहिले आणि “आवडतं” म्हणाला. विषय तेथेच मिटला. पंधरा दिवसांनी त्याची आजी स्वतःचा रक्तदाब तपासायला आली आणि उठता उठता म्हणाली, “हल्ली तो रात्री अंथरूण ओलं करतो हो. चार वर्षांचा असताना सुटली होती सवय, आता पुन्हा.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी जुळल्या. 

मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावले. आजी समोर दिसेल पण बोलणे तिच्या कानावर जाणार नाही अशा बेताने बसवली आणि एवढेच म्हटले, “सोमवारी बुद्धिबळाला गेलास की काय काय होतं, ते मला सांग बरं.” तो बराच वेळ टेबलावरच्या स्टेथोस्कोपशी चाळा करत राहिला. मग बोलला. दोन मजले वर राहणारे, आजोबांच्याच वयाचे, सोसायटीत मान असलेले एक गृहस्थ त्याला विनामूल्य शिकवत होते. अलीकडे ते त्याला मांडीवर बसवत, कपड्यांच्या आत हात घालत आणि “हे आपल्या दोघांचंच हं” असे बजावत. शेवटी तो म्हणाला, “मी आजोबांना सांगितलं होतं, मला नाही जायचं. आजोबा म्हणाले, काका एवढ्या प्रेमानं शिकवतात, त्यांना नाही म्हणायचं नाही.”

ओळख पटू नये म्हणून या प्रसंगातील काही तपशील मी बदलले आहेत. आजोबांचे वाक्य मात्र जसेच्या तसे आहे. ते वाक्य दुष्ट नव्हते. माझ्या आजोबांनी मला हेच सांगितले असते, आणि मीही माझ्या मुलीला ती लहान असताना कित्येकदा सांगितले आहे.

पोटदुखीविषयी एक गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे कोणी विनाकारण घाबरणार नाही. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी १९५८ साली ब्रिस्टल परिसरातील एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे दर दहा मुलांमागे एकाला वारंवार पोटदुखी होत होती आणि त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या पोटात काही विकार सापडला. म्हणजे परीक्षेची धास्ती, घरातली भांडणे, शाळेतला धाक अशी कितीतरी कारणे बेंबीभोवती दुखू शकतात. एकट्या पोटदुखीवरून, एकट्या अंथरूण ओले होण्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. परंतु दुखणे जर ठरावीक वाराला, ठरावीक जागेच्या किंवा ठरावीक माणसाच्या आगेमागे येत असेल, सुटलेल्या सवयी पुन्हा आल्या असतील, मूल अचानक कुणाला तरी टाळू लागले असेल, कुठून आल्या ते सांगता येत नाही अशा भेटवस्तू दप्तरात दिसत असतील, तर ते चारचौघांत न विचारता निवांत विचारण्याजोगे आहे. आणि हे ठरावीकपण आईवडिलांच्या आधी आजीआजोबांच्याच ध्यानात येते, कारण दुपार त्यांच्या वाट्याला असते.

म्हणूनच हा लेख मुख्यतः आजीआजोबांसाठी आणि दिवसभर मुले सांभाळणाऱ्या मावश्यांसाठी लिहीत आहे.

आपण मुलांना पिढ्यान्‌पिढ्या एकच धडा देत आलो: अनोळखी माणसाशी बोलू नकोस, त्याने दिलेले खाऊ नकोस. धडा चुकीचा नाही, पण अपुरा आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र आणि गोवा त्यांत होते. निम्म्याहून अधिक मुलांनी, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगे मुलींहून किंचित अधिकच होते; ‘मुलग्याला काय होतंय’ असे म्हणणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती.

शिवाय आपल्या भाषेचा एक स्वभाव पाहा. मराठी मुलाच्या जगात अनोळखी मोठा माणूस जवळपास नसतोच. दुकानदार काका, रिक्षावाले काका, वॉचमन काका, शेजारच्या मावशी, वरच्या मजल्यावरचा दादा. मलाही दवाखान्यात डॉक्टरकाका म्हणतात. ही आपली गोड रीत आहे आणि ती मोडावी असे मी मुळीच सुचवत नाही. पण ज्या माणसाशी आपण स्वतःच नाते जोडून दिले, त्याच्यापासून दूर कसे व्हायचे ते शब्द आपण मुलाला दिलेले नसतात. ‘काका’ या शब्दाबरोबर आज्ञापालन आपोआप येते. म्हणून मुलाला माणसांची वर्गवारी शिकवण्यापेक्षा वागणुकीची शिकवावी. माणूस कोण आहे याच्याशी कर्तव्य नाही. तो काय करतो आहे ते पाहायचे. नियम काका, मामा, सर, डॉक्टर आणि स्वतः आजोबा, सर्वांना सारखाच लागू.

नियम साधा आहे. पोहताना घालायच्या कपड्यांनी शरीराचा जो भाग झाकला जातो, तो खासगी. त्याला कुणी हात लावायचा नाही, तो पाहायचा नाही, त्याचे फोटो काढायचे नाहीत आणि दुसऱ्यानेही आपला तसा भाग मुलाला दाखवायचा किंवा हात लावायला सांगायचे नाही. अपवाद दोनच: मूल लहान असताना अंघोळ आणि शौचाची स्वच्छता, आणि आजारपणात डॉक्टरची तपासणी, तीही घरचे विश्वासाचे माणूस समोर असताना, आणि तिच्यात गुपित काहीच नाही. मी स्वतः गेली काही वर्षे पोट तपासण्यापूर्वीही मुलाला विचारतो, “हात लावू का?” काही आजोबांना याचे हसू येते. “त्याला काय विचारायचं, तपासा तुम्ही,” असे म्हणतात. पण ज्या मुलाला डॉक्टरही विचारून हात लावतो, त्याला न विचारता लावलेला हात खटकू लागतो.

अनेक ठिकाणी ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ असे शिकवले जाते. मी ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ हे शब्द पसंत करतो. त्रास देणारा माणूस नेहमी दुखवतोच असे नाही. तो गोंजारतो, गुदगुल्या करतो, चॉकलेट देतो. मुलाला तो स्पर्श सुखद वाटला तर ‘मग तो वाईट कसा?’ किंवा ‘मीच वाईट का?’ या कोड्यात ते अडकते. उलट इंजेक्शन दुखते, तरी ते सुरक्षित असते.

शरीराच्या भागांची खरी नावेही मुलांना तीनचार वर्षांपासून सांगावीत. शिश्न, योनी, गुदद्वार हे शब्द नाक, कान, गुडघ्यासारखेच उच्चारावेत. घराघरांत या अवयवांना लाडाची, प्राण्यापक्ष्यांची नावे असतात आणि ती बाहेरच्या माणसाला कळत नाहीत. एका बालवाडीतील मुलगी बाईंना सांगत होती की ‘माझ्या चिमणीला दुखतंय’, आणि बाई दोन दिवस तिच्या घरी चिमणी पाळली आहे असे समजत होत्या. सुदैवाने ते साध्या लघवीच्या जळजळीचे प्रकरण होते. 

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो, कारण तो मुलांनी शिकण्याचा नसून आपण सोडण्याचा आहे. पाहुणे आले की आपण म्हणतो, “जा, काकांना पापी दे.” मूल आईच्या पदराआड लपते. आपण त्याला ओढून पुढे करतो, पाहुणे त्याचे गाल ओढतात, सगळे हसतात. मुलाला त्यातून कळते ते असे की माझ्या अंगाबाबत मला काही वाटत असले तरी मोठ्यांचा मान पहिला. मग तेच मूल वरच्या मजल्यावर एकटे असताना ठामपणे ‘नको’ म्हणेल, ही अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो?

यावर ज्येष्ठ मंडळींचा आक्षेप मला पाठ आहे: अशाने मुले उद्धट होतील. मला तसे वाटत नाही. आपल्याकडे नमस्कार आहे. दोन हात जोडून, हसून, हातभर अंतरावरून केलेल्या नमस्कारात आदर पुरेपूर असतो आणि कोणी कुणाला स्पर्श करत नाही. मुलाला पर्याय द्यावा: नमस्कार कर, टाळी दे, नुसते ‘या’ म्हण, हवे तर मिठी मार. त्याने नमस्कार निवडला तर पाहुण्यांना आपणच हसून सांगावे, “आमच्याकडे त्याच्या मर्जीवर आहे हं.” स्वतःवरही हा नियम लावून घ्यावा. नातवाने एखाद्या दिवशी कुशीत यायला नकार दिला तर ‘मग मी तुझ्याशी बोलणार नाही’ असे गमतीतही म्हणू नये. प्रेम आणि गप्प बसणे यांचा असा सौदा त्रास देणारा माणूसही मुलाशी करतो. गुदगुल्या करताना मूल हसत हसत ‘बास’ म्हणाले की हात त्याच क्षणी थांबावेत. हा मला सगळ्यांत परिणामकारक धडा वाटतो: ‘बास’ म्हटले की थांबतात, हे शरीराला कळते.

गुपितांबाबतही घरात एक शिस्त असावी. आश्चर्याचा धक्का आणि गुपित यांतला फरक मुलांना चटकन समजतो. आईच्या वाढदिवसाची साडी आणून ठेवली आहे, हे लवकरच सर्वांना कळणार आहे आणि कळले की सगळे आनंदी होणार आहेत. जे कधीच कुणाला सांगायचे नाही, जे सांगितले तर ‘आईला त्रास होईल’, ‘तुलाच रागावतील’ असे कोणी म्हणते, ते लगेच सांगायचे. तेव्हा ‘आईला सांगू नकोस हं’ म्हणत आजोबांनी गुपचूप दिलेले आइस्क्रीमही आता थांबवावे. मला ठाऊक आहे, हा त्याग मोठा आहे.

मग मुलाला प्रत्यक्ष शिकवायचे काय? पुष्कळ घरांत यावर तयार उत्तर असते: कराटेच्या वर्गाला घाला. व्यायाम म्हणून कराटे उत्तम. पण पंचवीस किलोचे मूल सत्तर किलोच्या माणसाला हरवू शकत नाही आणि ‘मी मारीन’ या भरवशावर ते जिथून निघून जायला हवे तिथे थांबते. मुलाचे खरे बळ आवाजात, अंतरात, पायांत आणि सांगण्यात आहे. 

या गोष्टी उपदेशाने येत नाहीत, खेळाने येतात. भीतीच्या क्षणी शरीर लढते, पळते किंवा थिजते. लहान मुले बहुधा थिजतात. घसा कोरडा पडतो, पाय जड होतात, आवाज फुटत नाही. हा भित्रेपणा नाही, मेंदूची ही जुनी संरक्षक प्रतिक्रिया आहे. म्हणूनच ‘तू ओरडलास का नाहीस?’ हा प्रश्न मुलाला कधीही विचारू नये. मात्र जी कृती शंभर वेळा हसतखेळत केलेली असते, ती थिजलेल्या शरीरातूनही बाहेर पडण्याची शक्यता वाढते. सायकल शिकवताना आपण जे करतो, तेच.

दुपारच्या चहानंतर दहा मिनिटे पुरतात. आजीने एक नाटकातली बाई व्हावे: “बाळ, तुझ्या आईनं मला पाठवलंय, चल गाडीत बस.” नातवाने काय करायचे? दोन पावले मागे, दोन्ही पाय घट्ट, हात छातीसमोर तळवे पुढे करून, नजर समोर, आणि पोटातून आवाज: “नको! मी येणार नाही.” पहिल्या दिवशी मुले खिदळतात आणि आवाज पुटपुटल्यासारखा येतो, कारण मोठ्यांवर आवाज चढवू नये असे आपणच त्यांना शिकवलेले असते. स्वयंपाकघरातल्या आजीला गॅलरीतून स्पष्ट ऐकू जाईल इतका आवाज होईपर्यंत खेळ चालू ठेवावा. शेजाऱ्यांना आधी कल्पना दिलेली बरी. मग घरचा परवलीचा शब्द विचारायचा. आमच्या ओळखीच्या एका घरात तो ‘कैरीची डाळ’ असा आहे. खरेच आईने पाठवले असेल तर त्या माणसाला तो माहीत असणार. नसेल तर पळायचे, आणि पळायचे ते माणसांच्या दिशेने.

कोणी हात धरलाच तर मारामारीची गरज नाही. आपले मनगट समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूला फिरवून झटक्यात ओढले तर पकड तेथेच सैल असते. दप्तर पकडले तर दप्तर सोडून द्यायचे. नवे घेता येते, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा, नाहीतर ते दप्तरासाठी थांबते. कोणी ओढू लागले तर खाली बसायचे किंवा खांबाला मिठी मारायची आणि नुसते रडण्याऐवजी ओरडायचे: “मी यांना ओळखत नाही! हे माझे बाबा नाहीत!” रस्त्यावरचे लोक रडणाऱ्या मुलाकडे ‘हट्ट करतोय’ म्हणून दुर्लक्ष करतात, या वाक्याकडे करत नाहीत.

गर्दीत चुकलेल्या मुलासाठी वेगळा धडा हवा. गणपतीत, जत्रेत, रेल्वे स्थानकावर मूल हरवले की ते आपल्याला शोधत फिरते आणि आपण त्याला. त्याला सांगावे, चुकलास की तिथेच थांब आणि नाव घेऊन मोठ्याने हाक मार; ‘आजी’ म्हणून नव्हे, आजीचे पूर्ण नाव घेऊन, कारण जत्रेत आज्या पुष्कळ असतात. कोणी आले नाही तर गणवेशातला पोलीस, दुकानात गल्ल्यावर बसलेला माणूस किंवा मुलाबाळांना घेऊन आलेली बाई यांच्याकडे मदत मागायची. आणि एक फोन नंबर तोंडपाठ हवा. आमच्या पिढीला दहा नंबर पाठ असत, हल्लीच्या मुलांना एकही नसतो. तो मोबाइलमध्ये असतो आणि मोबाइल आपल्या खिशात असतो. पाढ्यांसारखी चाल लावून आठवडाभर म्हणवून घ्या.

दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांचे प्रश्न वेगळे. तिथे चिडवणे, टोळके करून छळणे हा मुख्य त्रास असतो, आणि इथे आजोबांचा सल्ला ठरलेला: “दे एक ठेवून, पुन्हा नाव घेणार नाही.” हा सल्ला मानलेल्या सातवीतल्या एका मुलाच्या भुवईला मी चार टाके घातले आहेत. त्याने एकाला मारले, मग तिघांनी त्याला. छळणाऱ्याला आपली फजिती पाहायची असते. रडणे आणि चवताळणे, दोन्ही त्याच्या फायद्याचे. अशा वेळी आधी एक श्वास सावकाश बाहेर सोडायचा. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके खरोखरच मंदावतात. मग सपाट आवाजात एकच छोटे वाक्य: “हे मला आवडत नाही. थांब.” आणि उत्तराची वाट न पाहता शिक्षकांच्या, मित्रांच्या दिशेने चालू पडायचे. जो पाहत उभा असतो त्यालाही शिकवावे, की छळल्या जाणाऱ्याला हाक मारून तिथून घेऊन जाणे ही चहाडी नाही. हे एकदोनदा जमत नाही, घरी आरशासमोर करावे लागते. त्रास चालूच राहिला तर तो मुलाने एकट्याने सोडवायचा प्रश्न नव्हे, शाळेत जाऊन बोलायचा आहे.

मोबाइलविषयी थोडक्यात. खेळातून किंवा समाजमाध्यमातून ओळख वाढवून फोटो मागणे आणि मग ते पसरवण्याची धमकी देणे, असे प्रकार या वयात घडतात. मुलाला आजच सांगून ठेवा: असे काही झाले तर पैसे द्यायचे नाहीत, नवा फोटो पाठवायचा नाही, संदेश पुसायचे नाहीत, लगेच आम्हाला सांगायचे, आम्ही फोन काढून घेणार नाही. शेवटचे वाक्य पाळण्याची तयारी नसेल तर ते उच्चारू नका. फोन जाईल या भीतीनेच मुले गप्प राहतात. सायबर गुन्ह्यांची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते.

अशा शिक्षणाने मुले घाबरट होतील का, असेही विचारले जाते. कोक्रेन या संस्थेने २०१५ साली शाळांतील अशा कार्यक्रमांच्या २४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. मुलांचे ज्ञान आणि स्वतःला जपण्याचे कौशल्य वाढले. चिंता किंवा भीती वाढल्याचा पुरावा आढळला नाही. अशा कार्यक्रमांनंतर अधिक मुलांनी आपल्यावरचा प्रसंग बोलून दाखवला. अत्याचार प्रत्यक्षात किती कमी झाले, हे मात्र त्या चाचण्यांतून कळत नाही. मला हा प्रामाणिक निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो. मूल कितीही तयार केले तरी त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. ती आपलीच राहते. विशेषतः जी मुले ऐकू-बोलू शकत नाहीत, ज्यांना शौचालाही दुसऱ्याची मदत लागते, त्यांच्या बाबतीत आपले डोळे अधिक उघडे हवेत.

आणि एक दिवस मूल सांगायला आले तर? हाताची पाच बोटे धरून पाच विश्वासाची माणसे त्याला आधीच मोजायला लावा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला. त्या पाचांत तुमचे बोट असेल तर हातातले काम सोडून खाली बसा. चेहरा शक्य तितका शांत ठेवा; तुम्ही हादरलात तर मूल तुम्हाला सांभाळण्यासाठी बोलणे थांबवते. “बरं झालं सांगितलंस. तुझी काही चूक नाही. माझा तुझ्यावर विश्वास आहे,” एवढी तीन वाक्ये पुरतात. खोदून खोदून विचारू नका, तपशील त्याच्या तोंडात घालू नका, दहा नातेवाइकांपुढे पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. त्या माणसाला गाठून जाब विचारण्याचा मोहही आवरा. घटना नुकतीच घडली असेल तर अंघोळ घालण्याची, कपडे धुण्याची घाई न करता मुलाला सरकारी किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, त्याच्या संरक्षणात येते. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मग तो डॉक्टर असो, शिक्षक असो की आजोबा. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र हा कायदा संरक्षण देतो. पुष्कळ कुटुंबे ‘पोरीला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतील’ म्हणून मागे सरतात. प्रत्यक्षात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि मुलाच्या विश्वासाच्या माणसासमोर घ्यायचा असतो. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. न्यायालयातील सुनावणी बंद दाराआड होते, आरोपी मुलाच्या नजरेसमोर येणार नाही अशी व्यवस्था असते आणि वृत्तपत्रांना मुलाची ओळख छापता येत नाही. तातडीच्या वेळी ११२, आणि मुलांसाठी दिवसरात्र चालणारा, विनामूल्य १०९८. हा दुसरा क्रमांक १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाला. मूल स्वतःही तो लावू शकते, म्हणून घरच्या फोन नंबराबरोबर तोही पाठ करून घ्यावा.

त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या घरी मी त्याच संध्याकाळी गेलो. आईवडिलांना सांगताना आजोबा शेजारीच बसले होते. ते प्रथम म्हणाले, “काहीतरी गैरसमज असेल. चाळीस वर्षांची ओळख आहे.” मग म्हणाले, “सोसायटीत तोंड कसं दाखवायचं?” मी तक्रार करणे मला भाग आहे हे सांगितले, तेव्हा खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. आजी उठल्या, आत जाऊन चपला घालून आल्या आणि मुलाच्या आईला म्हणाल्या, “चल, मी येते बरोबर.” आजोबा त्यांच्यानंतर दोन मिनिटांनी जिन्यात दिसले.

जबाब घरीच झाला. साध्या साडीतल्या महिला उपनिरीक्षक आल्या होत्या. मुलाला शेवटपर्यंत वाटत होते की त्या शाळेतल्या कुणी बाई आहेत. खटला अजून चालू आहे. अंथरूण ओले होणे थांबायला पाच महिने आणि समुपदेशकाच्या बऱ्याच फेऱ्या लागल्या. बुद्धिबळ त्याने सोडले आहे, हल्ली तो कॅरम खेळतो.

गेल्या महिन्यात तो घसा दुखतो म्हणून आला होता. मी टॉर्च उचलला तर म्हणाला, “थांबा, आधी आजोबांना आत येऊ दे.” आजोबा बाहेर चपला काढत होते. ते येईपर्यंत आम्ही दोघे थांबलो.